बाबासाहेब आणि रुपयाची हुंडणावळ



आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी तथागतांच्या मूर्तीशेजारी परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची तसबीर असते. अंगात कोट, हातात ग्रंथ. हा ग्रंथ कोणता, असे मी एकदा सातवीच्या वर्गात विचारले, तेव्हा सगळ्या मुलांनी एका सुरात संविधानाचे नाव घेतले. त्यांचे काही चुकले नाही. परंतु संविधान तयार होण्याच्या पंचवीस वर्षे आधी बाबासाहेबांनी एक जाडजूड ग्रंथ लिहिला होता आणि त्याचा विषय होता आपल्या खिशातला रुपया. हिंदुस्थानचा रुपया आणि विलायतेचा पौंड यांचा भाव कसा ठरतो, तो कोण ठरवतो, आणि तो खालीवर झाला की कोणाचे घर भरते व कोणाचे रिकामे होते, याचा तो शोध आहे. जुन्या मराठीत या भावाला हुंडणावळ म्हणत. जुन्या वर्तमानपत्रांतून हा शब्द फार येई. आपल्या वस्त्यांत तो कोणाला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. ज्याच्या घरात संध्याकाळच्या भाकरीची भ्रांत, त्याला पौंडाच्या भावाशी काय करायचे? बाबासाहेबांच्या या ग्रंथामागची कथा वाचली की या प्रश्नाचे उत्तर मिळते.

आधी थोडे गणित समजून घेऊ. इंग्रजांच्या पौंडाचे त्या काळी वीस शिलिंग होत आणि एका शिलिंगाचे बारा पेन्स. म्हणजे पौंडाचे २४० पेन्स. आपला रुपया १८३५ पासून सर्व ब्रिटिश मुलखात एकसारखा झाला. त्याचे वजन एक तोळा, आणि त्यातले बारा भागांतले अकरा भाग शुद्ध चांदी. कोणीही चांदी घेऊन टांकसाळीत जावे, थोडी घडणावळ द्यावी आणि रुपये पाडून घ्यावेत, अशी मोकळीक होती. विलायतेचे नाणे मात्र सोन्याचे. चांदी आणि सोने यांचा आपसातला भाव स्थिर होता तोवर रुपयाचा भावही स्थिर होता. एका रुपयाला जवळजवळ दोन शिलिंग मिळत आणि एका पौंडाला दहा रुपये पडत. १८७१ नंतर जर्मनीने चांदीचे नाणे सोडून सोन्याचे धरले, युरोपातील इतर देशही त्याच वाटेने गेले, अमेरिकेत चांदीच्या मोठ्या खाणी लागल्या, आणि चांदीचा भाव गडगडला. चांदीबरोबर रुपयाही गडगडला. १८९२-९३ साली रुपयाला सरासरी पंधराच पेन्स मिळत होते.

सरकारला याची झळ लागली ती अशी. इंग्रज अधिकाऱ्यांची निवृत्तिवेतने, रेल्वेच्या भांडवलावरील व्याज, लंडनच्या इंडिया ऑफिसचा खर्च, हे सारे हिंदुस्थानच्या तिजोरीतून पौंडात द्यावे लागे. जिथे शंभर पौंडांसाठी एक हजार रुपये पुरत, तिथे आता सोळाशे लागू लागले. वरचे सहाशे आले कुठून? १८८६ साली प्राप्तीवर कर आला, १८८८ साली मिठावरचा कर वाढला. प्राप्तीवरचा कर गरिबाला लागत नव्हता, पण मिठाचा लागत होता. मीठ राजालाही लागते आणि रंकालाही लागते, आणि रंकाच्या जेवणात मिठाखेरीज दुसरे काही असतेच असे नाही.

याच काळात, १४ एप्रिल १८९१ रोजी, महू येथे भीमरावांचा जन्म झाला. वडील सुभेदार रामजी सकपाळ सैन्यात होते आणि सैन्याच्या शाळेत शिकवीत. (माझ्यासारख्या शिक्षकाला याचा अभिमान वाटतो, तो वाचकांनी समजून घ्यावा.) भीमराव दोन वर्षांचे होते तेव्हा, २६ जून १८९३ रोजी, हर्शेल समितीच्या शिफारशीवरून सरकारने टांकसाळी लोकांसाठी बंद केल्या. यापुढे रुपये सरकारच पाडणार. रुपये कमी पडले की त्यांचा भाव चढेल, हा त्यामागचा हिशेब. सरकारने सोळा पेन्स, म्हणजे एक शिलिंग चार पेन्स, हा भाव मनाशी धरला. आधी भाव आणखी उतरून १८९४-९५ साली तेरा पेन्सांवर आला, पण १८९८ पर्यंत सोळावर जाऊन बसला. १८९९ साली सोन्याचा सॉव्हरिन पंधरा रुपयांना कायदेशीर ठरला.

त्या वर्षांतल्या दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. रुपया घसरल्यामुळे विलायतेला पैसे पाठवताना गोऱ्या अधिकाऱ्यांचे नुकसान होई, म्हणून १८९३ साली त्यांना हुंडणावळीचा खास भत्ता मिळू लागला. सुभेदार रामजींसारख्यांचे वेतन आणि पेन्शन रुपयात. त्यांना विलायतेला काही पाठवायचे नव्हते, म्हणून भत्त्याचा प्रश्न आला नाही. मिठाचा कर मात्र त्यांनीही भरला. दुसरी गोष्ट चांदीची. टांकसाळ उघडी होती तोवर बाईच्या हातातले चांदीचे कडे म्हणजे रुपयेच होते. दुष्काळ पडला की कडे द्यावे, रुपये घ्यावेत. टांकसाळ बंद झाल्यावर रुपया सोळा आण्यांचाच राहिला, पण त्यातली चांदी बाजारात दहा आण्यांच्या आसपास आली. गरिबाने अंगावर साठवलेली पुंजी अशी कायद्याच्या एका कलमाने उतरली. आपल्या वस्तीत चांदी फार कोणाच्या अंगावर नव्हती हे खरे. कित्येक गावांत ती घालण्याची परवानगीही नव्हती. पण ज्यांच्याजवळ होती त्यांचे काय झाले ते हे असे.

भीमराव शिकत गेले. आई भीमाबाई लहानपणीच गेल्या. १९१२ साली ते एल्फिन्स्टन कॉलेजातून अर्थशास्त्र व राज्यशास्त्र घेऊन बी. ए. झाले. २ फेब्रुवारी १९१३ रोजी वडील वारले. त्याच वर्षी सयाजीराव गायकवाड महाराजांनी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली आणि बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. त्या वेळी पौंडाला पंधरा रुपये, म्हणजे ही रक्कम १७२ रुपये ८ आणे होते. तेथे प्रा. सेलिग्मन यांच्या हाताखाली त्यांनी सरकारी तिजोरीचा अभ्यास केला. ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि जमाखर्च हा १९१५ सालच्या एम. ए. च्या प्रबंधाचा विषय होता. १९१६ साली ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये गेले, पण शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली त्यांना परतावे लागले. प्रा. एडविन कॅनन यांच्या शब्दामुळे चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची सवलत मिळाली. पुस्तकांचे सामान वेगळ्या बोटीने पाठवले होते. युद्ध चालू होते, ती बोट जर्मन पाणबुडीने बुडवली. बडोद्याच्या नोकरीत काय घडले ते आपण सर्व जाणता. फायली हातात न देता टेबलावर टाकणारे शिपाई आणि राहायला जागा न देणारे शहर. त्याची पुनरुक्ती येथे करीत नाही.

नोव्हेंबर १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. पगार ४५० रुपये. परळच्या चाळीत रमाईंनी काटकसर करून संसार चालवला आणि बाबासाहेब विलायतेच्या उरलेल्या शिक्षणासाठी पैसे बाजूला टाकू लागले.

आता या वर्षांत रुपयाचे काय चालले होते ते पाहा. महायुद्धात चांदी महागली. रुपयातली चांदीच सोळा पेन्सांहून महाग झाली, तेव्हा लोक रुपये वितळवू लागतील अशी भीती निर्माण झाली. ३० नोव्हेंबर १९१७ रोजी सरकारने एक रुपयाची कागदी नोट काढली आणि १९१८ साली अमेरिकेकडून वीस कोटी औंस चांदी घेण्याचा करार झाला. हुंडणावळ चढत चढत फेब्रुवारी १९२० मध्ये दोन शिलिंग आठ पेन्सांच्याही वर गेली. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक'चा पहिला अंक निघाला, आणि त्याच फेब्रुवारीत बॅबिंग्टन स्मिथ समितीच्या शिफारशीवरून सरकारने जाहीर केले की रुपयाचा भाव सोन्याच्या दोन शिलिंगांवर कायम करू. समितीतले एकमेव हिंदी सभासद दादिबा दलाल यांनी भिन्न मत दिले होते. जुना एक शिलिंग चार पेन्सच ठेवा असे त्यांचे म्हणणे. ते ऐकले गेले नाही. सरकारने भाव टिकवण्यासाठी लंडनमधील गंगाजळीतून साडेपाच कोटी पौंड विकून टाकले. भाव टिकला नाही. सप्टेंबर १९२० मध्ये सरकारने हात टेकले. १९२१ च्या आरंभी रुपया पंधरा-सोळा पेन्सांवर येऊन पडला होता. दोन शिलिंगांच्या भरवशावर विलायती माल मागवलेल्या व्यापाऱ्यांनी मालाचे पैसे द्यायला नकार दिला. एका वर्षात एवढी चढउतार रुपयाने पूर्वी कधी पाहिली नव्हती.

आणि नेमक्या याच वर्षी, जुलै १९२० मध्ये, बाबासाहेब लंडनला निघाले. जवळ स्वतःची शिल्लक, कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांनी दिलेले पाच हजार रुपयांचे कर्ज. आपण पाटी घेऊन हिशेब करू. पाच हजार रुपयांचे दोन शिलिंगांच्या भावाने पाचशे पौंड होतात. सोळा पेन्सांच्या भावाने ३३३ होतात. सिडनहॅमचा ४५० रुपये पगार फेब्रुवारी १९२० च्या भावाने साठ पौंडांचा होता, वर्षभराने तोच तीस पौंडांचा. इकडे रुपया न् रुपया जोडून तिकडे पौंडात खर्च करणाऱ्या विद्यार्थ्याची अवस्था यावरून समजावी. ४ सप्टेंबर १९२१ रोजी बाबासाहेबांनी शाहू महाराजांना पत्र लिहून दोनशे पौंडांची उसनवार मागितली. दोन शिलिंगांच्या भावाने दोनशे पौंड म्हणजे दोन हजार रुपये झाले असते. त्या वर्षीच्या भावाने ते तीन हजारांच्या घरात गेले. रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिणारा हा विद्यार्थी त्या प्रश्नाची किंमत स्वतःच्या पोटाला चिमटा घेऊन मोजत होता. दिवसभर ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय, रात्री खोलीवर पुन्हा वाचन. प्रिमरोझ हिल भागातील किंग हेन्रीज रोडवरील त्यांचे घर महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेतले. तेथे आता स्मारक आहे.

१९२१ साली एम. एस्‌सी. झाली. ऑक्टोबर १९२२ मध्ये त्यांनी डी. एस्‌सी. साठी 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा प्रबंध सादर केला. त्यात त्यांनी काय म्हटले आहे, ते मला समजले तसे सांगतो.

टांकसाळी बंद झाल्यापासून सरकारने जी व्यवस्था चालवली तिला सुवर्ण विनिमय परिमाण म्हणत. देशात चांदीचे रुपये आणि नोटा, सोने लंडनमध्ये, आणि भारतमंत्री लंडनमध्ये हुंड्या विकून भाव सोळा पेन्सांच्या आसपास सांभाळणार. जॉन मेनार्ड केन्स या पुढे जगप्रसिद्ध झालेल्या अर्थशास्त्रज्ञाने १९१३ साली ग्रंथ लिहून या व्यवस्थेची वाखाणणी केली होती. बाबासाहेबांनी तिला विरोध केला. त्यांचा मुख्य आक्षेप असा की, रुपये किती काढायचे यावर कायद्याचे बंधनच उरलेले नाही. दहा-अकरा आण्यांच्या चांदीचा सोळा आण्यांना रुपया काढला की मधला नफा सरकारचा. ज्याला नाणे पाडण्यात नफा आहे आणि अडवणारा कोणी नाही, तो नाणे जास्त पाडणारच. त्या नफ्यातूनच रुपयाच्या रक्षणाची गंगाजळी उभी केली होती. म्हणजे रुपये जितके अधिक काढावेत तितकीच गंगाजळी मोठी व्हावी! जो माणूस जितके कर्ज काढील तितकी त्याची तिजोरी भरलेली दिसावी, तशातला हा प्रकार. रुपये वाढले की बाजारात सगळ्या जिनसांचे भाव वाढतात. म्हणून रुपयाला पौंडाशी बांधून ठेवल्याने काम संपत नाही. रुपयात धान्य, कापड, मीठ किती येते हे स्थिर राहिले पाहिजे. ते स्थिर राहिले तर हुंडणावळ आपोआप सांभाळली जाईल.

येथे मला आमच्या गावच्या बाजाराची आठवण होते. माझे वडील शेतमजुरी करीत. ज्वारीचा भाव या आठवड्यात वाढला तर त्यांची मजुरी पुढच्या सुगीला वाढे, कधी वाढतच नसे. मधल्या काळात आई पिठात पाणी जास्त घाली. भाववाढीमागे मजुरी नेहमी रखडत येते, हा बाबासाहेबांच्या विवेचनातला कणा आहे. त्यांनी तो तक्त्यांतून आणि आकड्यांतून मांडला. आमच्या घराला तो बाजारात कळला होता, पण त्याचे नाव माहीत नव्हते. कॉलेजात अर्थशास्त्र शिकलो तेव्हा हिंदी चलनावर केन्सचे नाव आले. बाबासाहेबांचे आले नाही. ते मी नंतर ग्रंथालयात स्वतः शोधले.

परीक्षकांना हा प्रबंध जहाल वाटला. साम्राज्याच्या राजधानीत बसून साम्राज्याच्या तिजोरीची झडती घेणे म्हणजे साधी गोष्ट नव्हे. मार्च १९२३ मध्ये तो फेरलेखनासाठी परत आला. हातातले पैसे संपले होते. एप्रिलमध्ये बाबासाहेब मुंबईला परतले आणि येथेच त्यांनी फेरलेखन करून प्रबंध पुन्हा पाठवला. वर्षअखेर तो मान्य झाला आणि डिसेंबरमध्ये लंडनला ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. प्रस्तावना प्रा. कॅनन यांची. काही मुद्द्यांवर आपले मत वेगळे आहे हे सांगूनही गुरूने शिष्याच्या विचारांतल्या ताजेपणाची कदर केली. ग्रंथ अर्पण केला आहे तो आईवडिलांच्या स्मृतीला, त्यांनी मुलाच्या शिक्षणासाठी केलेल्या त्यागाबद्दल.

१९२४ नंतर रुपया एक शिलिंग सहा पेन्सांवर आला आणि देशभर वाद पेटला. मुंबईचे गिरणीमालक आणि व्यापारी यांना एक शिलिंग चार पेन्स हवे होते. कारण सोपे आहे. शंभर पौंडांचा कापूस विलायतेला विकला तर अठरा पेन्सांच्या भावाने १,३३३ रुपये हाती येतात, सोळाच्या भावाने १,५०० येतात. राष्ट्रीय पुढारी व्यापाऱ्यांच्या बाजूने उभे राहिले; स्वस्त रुपया म्हणजे देशाचे हित असे समीकरण झाले. बाबासाहेबांनी १९२५ साली लेख लिहून विचारले की हे वरचे पैसे येतात कोठून? त्यांचे उत्तर असे की, ते परक्याच्या खिशातून येत नाहीत. स्वस्त रुपयामुळे देशात भाव चढतात, मजुरी मागे राहते, आणि व्यापाऱ्याचा नफा देशातल्याच कष्टकऱ्याच्या ताटातून उचलला जातो. सरकारवर कठोर टीका करणारा हा माणूस देशी धनिकांचाही भाट झाला नाही. त्यामुळे त्यांना दोन्ही बाजूंचे प्रेम मिळाले नाही.

१५ डिसेंबर १९२५ रोजी त्यांनी हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष दिली. वय चौतीस. रुपये पाडणे सरकारलाही पूर्ण बंद करावे, सोन्याचे नाणे पाडावे, दोघांचे प्रमाण कायद्याने ठरवावे आणि एकाचे दुसऱ्यात रूपांतर करण्याचे बंधन ठेवू नये, अशी त्यांची योजना होती. मतलब एवढाच की, चलन वाढवण्याची चावी कोणा अधिकाऱ्याच्या लहरीवर राहू नये.

आपल्या सभांतून पुष्कळदा सांगितले जाते की रिझर्व्ह बँक बाबासाहेबांनी स्थापन केली. मी मुलांना असे सांगतो की, मध्यवर्ती बँकेची शिफारस हिल्टन यंग आयोगाने १९२६ साली केली, त्या आयोगापुढे बाबासाहेबांची साक्ष झाली होती, आणि बँक १ एप्रिल १९३५ रोजी सुरू झाली. बाबासाहेबांची स्वतःची योजना आयोगाने स्वीकारली नाही. त्यांची थोरवी वाढवून सांगण्याची गरज नाही.

आयोगाने एक शिलिंग सहा पेन्सांचा कौल दिला. सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी विरोधी मत नोंदवले. मार्च १९२७ मध्ये दिल्लीत कायदेमंडळ रुपयाच्या भावावर भांडत होते, आणि २० मार्चला महाडला बाबासाहेब चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरून ओंजळभर पाणी पीत होते. १ एप्रिलपासून नवा कायदा लागू झाला. पौंडाला १३ रुपये ५ आणे ४ पै.

त्यानंतर चलनाच्या अभ्यासाला त्यांना उसंत मिळाली नाही. १९४७ साली ग्रंथाची दुसरी आवृत्ती नव्या नावाने, पहिला खंड म्हणून निघाली. १९२३ नंतरचा इतिहास दुसऱ्या खंडात लिहायचा त्यांचा मानस होता. पण संविधानाचे काम आले, मंत्रिपद आले, हिंदू कोड बिल आले, 'द बुद्ध अँड हिज धम्म' आला. तो दुसरा खंड झालाच नाही.

१९२७ चा भाव मात्र फार टिकला. १९३१ साली इंग्लंडने सोने सोडले तरी रुपया पौंडाला बांधलेला राहिला. स्वातंत्र्याच्या वेळी एक रुपयाला एक डॉलर मिळे असे हल्ली सर्रास ऐकू येते. ते खरे नाही. पौंडाला सव्वातेरा रुपयांच्या वर आणि चार डॉलर तीन सेंट, म्हणजे डॉलरला तीन रुपयांहून अधिक पडत. १९४९ साली पौंडाचे अवमूल्यन झाले, तेव्हा रुपयाही डॉलरच्या तुलनेत त्याच्याबरोबर खाली आला, पण पौंड-रुपयाचे नाते तेच राहिले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने दीक्षा घेतली, त्या दिवशीही पौंडाचा भाव तोच होता. ६ जून १९६६ च्या अवमूल्यनाने तो २१ रुपये झाला, १९६७ साली पौंड उतरल्यावर १८, आणि सप्टेंबर १९७५ मध्ये रुपया पौंडापासून सोडवला गेला. २०२४ साली पौंडाला शंभराहून अधिक रुपये पडत होते.

महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या बाबासाहेबांच्या लेखन व भाषणांच्या सहाव्या खंडात, १९८९ साली, हा ग्रंथ पुन्हा छापला गेला आहे. इंग्रजी जड आहे, हे मी कबूल करतो. आमच्या विहारात रविवारी काही कॉलेजची मुले जमतात. आम्ही आधी फक्त तक्ते घेतो. एक जण साल वाचतो, दुसरा भाव वाचतो, तिसरा फळ्यावर शंभर पौंडांचे रुपये करतो. १८७१ पासून सुरुवात केली होती. सध्या टांकसाळ बंद झाली तिथवर आलो आहोत.